गाव सुटलेला कवी आणि दुसऱ्यांनी केलेले संग्रह

हिंगोली जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या एका कवीच्या 61 रचना 1604 साली पंजाबात एका ग्रंथात उतरवल्या गेल्या. चारशे वर्षांनंतरही त्या 61 च आहेत. त्याच कवीच्या मराठी गाथेतले किती अभंग खरोखर त्याचे आणि किती पुढे 'नामा' याच नाममुद्रेने इतरांनी रचलेले, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. हा कवी म्हणजे संत नामदेव. त्यांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावरही अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. हिंगोलीकरांच्या लेखी तो वाद कधीच संपला आहे, कारण गावाचे नावच नरसी नामदेव आहे.

या आढाव्याचा प्रश्न या उदाहरणातूनच उभा राहतो. गाव, प्रांत किंवा देश सोडून गेलेल्या मराठी कवीला दुसऱ्यांनी केलेल्या संग्रहांत जागा कशी मिळते? ती जागा देणारा संपादक काय राखतो आणि काय गाळतो? शेवटी ते काम कवीच्या मूळ मुलखातल्या वाचकाच्या हाती पडते का? परदेशस्थ कवींबद्दल बोलताना आपल्याकडे विद्यापीठे आणि महानगरे नजरेसमोर येतात. हा प्रश्न औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारसारख्या ठिकाणाहून पाहिला तर वेगळा दिसतो. बाजारपेठेच्या या गावात हळद, सोयाबीन, कापूस येतो आणि बाहेर जातो. माणसेही जातात. निजामाच्या काळात ती हैदराबादला जात, पुढे छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई धरू लागली, आणि आता काही घरांतली मुले त्याहूनही लांब आहेत. माल कुठे गेला याची पावती अडत्याकडे असते. गेलेल्या माणसाने लिहिलेल्या कवितेची नोंद मात्र कुणाकडेच नसते.

घुमानहून नांदेडला

नामदेवांचा काळ 1270 ते 1350 असा मानला जातो. उत्तरायुष्यातली वीसेक वर्षे त्यांनी पंजाबात काढली, असे परंपरा सांगते. गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांचे तिथले गाव. गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला आणि भाई गुरदासांनी तो लिहून काढला. म्हणजे कवी जाऊन अडीचशे वर्षे झाल्यावर हा संग्रह झाला. दरम्यान ही पदे गाणाऱ्यांच्या तोंडी आणि आधीच्या पोथ्यांतून टिकली होती.

संपादन म्हणून पाहिले तर हे काम आजही थक्क करते. ग्रंथाची रचना रागवार आहे. प्रत्येक रागात आधी गुरूंची वाणी येते आणि नंतर भक्तांची. भक्ताच्या रचनांवर त्याचे नाव आहे आणि पदांना आकडे घातलेले आहेत. त्यामुळे मागाहून कुणी एखादे पद सरकवले तर हिशेब चुकतो आणि चोरी उघडी पडते. नामदेवांची पदे अशा 18 रागांत विखुरलेली आहेत. त्यांत 'बीठल' आहे, शिंपीकामाच्या, छिप्याच्या कुळाचा उल्लेख आहे, काही ठिकाणी मराठी वळणाची रूपे आहेत. नामदेवांकडे तोंड करून देऊळ फिरल्याची कथाही एका पदात आहे. औंढ्याच्या लोकांना विचाराल तर ते देऊळ नागनाथाचेच. नंदी मंदिराच्या मागे का, याचे उत्तरही ते याच कथेतून देतात. विसोबा खेचर नामदेवांना भेटले तेही औंढ्यातच, ही आठवण इथे घरोघर आहे.

संपादकांनी निवड केली ती स्वतःच्या दृष्टीने, हेही म्हटले पाहिजे. पंढरीच्या वाळवंटातला, बालहट्टाने देवाला जेवू घालणारा आणि सखा-सोबत्यांच्या समाधीचे प्रसंग सांगणारा मराठी नामदेव आणि आदिग्रंथातला नामदेव यांत फरक आहे. तिथे भर निराकार ईश्वरावर आहे, जातीच्या उतरंडीला नकार देण्यावर आहे. पंजाबने नामदेव घेतले ते आपल्याला हवे तेवढेच. पण जे घेतले ते नावानिशी आणि मोजून घेतले.

पुढे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे या ग्रंथाला गुरुपद दिले. म्हणजे शेजारच्या मुलखातून उत्तरेत गेलेली कविता साडेतीनशे वर्षांनी गुरूच्या आसनावर बसली, तीही गोदावरीच्या काठी. जवळा बाजारच्या माणसाला नांदेड परके नाही. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रोज ज्या ग्रंथाचा पाठ होतो त्यात आपल्या जिल्ह्याचा कवी आहे, हे मात्र फार कमी शाळांत शिकवले जाते.

राजस्थानातही नामदेव संग्रहांतूनच राहिले. दादूपंथीयांच्या 'पंचवाणी' पोथ्यांत दादू, कबीर, नामदेव, रैदास आणि हरदास अशा पाच जणांची वाणी एकत्र असते. रज्जब आणि गोपालदास यांनी सतराव्या शतकात 'सर्वांगी' नावाचे मोठे संग्रह केले. त्यांत रचना विषयवार लावलेल्या आहेत आणि नामदेव तिथेही आहेत. या राजस्थानी हस्तलिखितांच्या आधाराने विनांद कालेवार्त आणि मुकुंद लाठ यांनी 1989 मध्ये नामदेवांच्या हिंदी पदांची चिकित्सक आवृत्ती इंग्रजी अनुवादासह काढली. एक बेल्जियन आणि एक राजस्थानी अभ्यासक नरसीच्या नामदेवांचे पाठ जुळवत बसले, ते दादूपंथीयांनी पोथ्या सांभाळल्या म्हणून. आपले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मात्र घुमानला पोचले ते थेट एप्रिल 2015 मध्ये. ते 88 वे संमेलन होते आणि सदानंद मोरे अध्यक्ष होते.

पुस्तकाआधी संग्रह

स्थलांतरित कवीच्या बाबतीत संग्रह किती निर्णायक ठरतो, याचे आधुनिक काळातले सर्वांत ठळक उदाहरण 'तार सप्तक' हे आहे. अज्ञेय यांनी 1943 मध्ये सात हिंदी कवी एकत्र आणले. त्या सातांत दोघे मराठी घरातले होते, गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे. दोघांचाही जन्म 1917 चा आणि दोघेही ग्वाल्हेरच्या मुलखातले. मुक्तिबोधांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि 'नवी मळवाट'चे कवी म्हणून ओळखले गेले. थोरल्या भावाने हिंदी धरली.

मुक्तिबोधांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह 'चाँद का मुँह टेढ़ा है' 1964 साली निघाला, तेव्हा ते मृत्यूच्या दारात होते. त्याच वर्षी 11 सप्टेंबरला ते गेले. म्हणजे एकवीस वर्षे पुस्तकरूपात त्यांची कविता मुख्यतः एका सामायिक संग्रहाच्या आधाराने उभी होती. 'तार सप्तक' नसते तर मुक्तिबोध नसते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण हिंदीतल्या नव्या कवितेच्या आरंभी त्यांचे जे स्थान आज मानले जाते, त्याचा कागदोपत्री पुरावा तो संग्रहच आहे.

मराठीने या घराण्याकडे कसे पाहिले? शरच्चंद्र आपले, गजानन त्यांचे, अशी वाटणी आपण निमूटपणे मान्य केली. भाषा बदलली की कवी आपल्या खात्यातून वजा करायचा, ही सवय जुनी आहे. नामदेवांच्या हिंदी पदांकडे मराठी वाचकाचे दुर्लक्ष झाले, त्यामागेही हीच सवय आहे.

इंग्रजीच्या वाटेने

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कवी जगापुढे गेला तो बहुतांशी इंग्रजी संग्रहांतून. हे संग्रह करणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःच गाव सुटलेले होते.

दिलीप चित्रे 1938 मध्ये बडोद्यात जन्मले, मुंबईत वाढले, 1960 ते 1963 इथिओपियात शिक्षक होते आणि पुढे 1975 ते 1977 आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात राहिले. त्यांनी संपादित केलेला 1945 ते 1965 या काळातल्या मराठी कवितेचा इंग्रजी संग्रह 1967 मध्ये निघाला. बा. सी. मर्ढेकरांनंतरची मराठी कविता एका जागी इंग्रजीत आणणारे ते पहिले महत्त्वाचे काम. चित्रे नुसते भाषांतर करून थांबले नाहीत. कोणती कविता नवी आणि का, याचा निवाडाही त्यांनी त्यात केला. उलट बाजूने पाहिले तर अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांच्या 1992 च्या बारा कवींच्या संग्रहात चित्रे आणि अरुण कोलटकर दोघेही आहेत, पण तिथे ते इंग्रजीत लिहिणारे भारतीय कवी म्हणून येतात. तो संग्रहच इंग्रजी कवितेचा असल्याने संपादकाचा दोष नाही. परंतु केवळ तेवढेच वाचणाऱ्याला या दोघांची मराठीतली, म्हणजे निम्मी कविता दिसत नाही.

विलास सारंग कारवारचे. अमेरिकेत शिकले, इराकमधल्या बसरा इथे आणि नंतर कुवेतमध्ये शिकवले. 1950 नंतरच्या भारतीय इंग्रजी कवितेचा त्यांनी केलेला संग्रह 1989 मध्ये आला. गौरी देशपांडे यांनी त्याआधी, 1974 मध्ये, असाच एक संग्रह संपादित केला होता. मराठीत कथा-कादंबऱ्यांनी गाजलेल्या या लेखिकेचे पहिले तीन इंग्रजी कवितासंग्रह 1968 ते 1972 या काळातले आहेत, हे मराठी वाचकांना सहसा आठवत नाही.

या मालिकेत आजच्या काळाला जवळचे नाव विनय धारवाडकर यांचे. जन्म 1954, पुणे. शिक्षण दिल्ली आणि शिकागो, पुढे मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक. स्वतःचा इंग्रजी कवितासंग्रह 'संडे ॲट द लोदी गार्डन्स' 1994 चा. त्याच वर्षी ए. के. रामानुजन यांच्यासोबत संपादित केलेला आधुनिक भारतीय कवितेचा ऑक्सफर्ड संग्रह निघाला. रामानुजन आदल्या वर्षी गेले होते. त्यात इंग्रजीतल्या आणि 14 भारतीय भाषांतून इंग्रजीत आणलेल्या 125 कविता आहेत. धारवाडकरांनी मराठी, हिंदीतून स्वतः केलेले अनुवादही त्यात आहेत. अमेरिकेतल्या वर्गांत मराठी कविता पोचवणाऱ्या पुस्तकांत याचे स्थान मोठे आहे.

या संग्रहाची मर्यादा त्याच्या आवाक्यातच आहे. 125 कविता पंधरा भाषांत वाटल्या तर सरासरी आठ-नऊ एका भाषेला येतात. एवढ्या जागेत मर्ढेकरांपासून नामदेव ढसाळांपर्यंतचा पल्ला कसा बसवायचा? कुणी तरी राहणारच. कविता विषयवार विभागल्यामुळे मराठी कवितेची आपली परंपराही त्यात सलग दिसत नाही. एक कवी दुसऱ्याशी भांडतो, त्याला उत्तर देतो, हे कळायला त्या भाषेचाच स्वतंत्र संग्रह लागतो.

तसा संग्रह सचिन केतकर यांनी केला. ते 1972 मध्ये वलसाडला जन्मले आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवतात. गुजरातेत राहून ते मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहितात. 'भिंतीशिवायच्या खिडकीतून डोकावताना' (2004) आणि 'जरासंधाच्या ब्लॉगवरचे काही अंश' (2010) हे त्यांचे मराठी संग्रह. नव्वदनंतरच्या मराठी कवितेचा त्यांनी संपादित आणि अनुवादित केलेला 'लाइव्ह अपडेट' 2005 मध्ये पोएट्रीवालाने काढला. एकाच भाषेतले, एकाच काळातले कवी त्यात शेजारी येतात, त्यामुळे वाद दिसतो, पिढी दिसते. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या कवीने महाराष्ट्रातल्या कवींना इंग्रजीत नेले, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे.

दलित कवितेची वाट थोडी वेगळी. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला 'पॉयझन्ड ब्रेड' आणि मुल्कराज आनंद व एलिनॉर झेलियट यांचा दलित साहित्याचा संग्रह, दोन्ही 1992 चे. इथे कवी देश सोडून गेले नव्हते; त्यांची कविता गेली. झेलियटसारख्या अमेरिकी अभ्यासकाने महाराष्ट्रात येऊन वर्षानुवर्षे काम केले, म्हणून ती गेली. परदेशी वाचकाला मराठी म्हटले की ढसाळ आठवतात, याचे श्रेय अशा संग्रहांना आहे.

या सगळ्या इंग्रजी पुस्तकांतली सामाईक उणीव एकच आहे. त्यांत बहुतेक ठिकाणी मूळ मराठी नसते. अनुवाद छापला जातो आणि मूळ कविता कुठल्या तरी दुर्मिळ आवृत्तीत राहते. परदेशातल्या वाचकाची सोय होते, मूळ मुलखातला वाचक बाहेरच राहतो.

मंडळे, स्मरणिका, नियतकालिके

इंग्रजीत न जाता परदेशात मराठीतच लिहिणारे कवी संख्येने किती तरी अधिक आहेत. त्यांची कविता येते ती अधिवेशनांच्या स्मरणिकांत आणि मंडळांच्या अंकांत. उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये स्थापन झाले. त्याची अधिवेशने दर दोन वर्षांनी होतात. 'एकता' या नियतकालिकाने तिथल्या मराठी लेखनाला दीर्घकाळ जागा दिली. इस्राएलमध्ये बेने इस्राएल समाजाने 'मायबोली' हे नियतकालिक चालवले. कोकणातून गेलेल्या या लोकांनी हिब्रूच्या देशात देवनागरी छापली, ही साधी गोष्ट नव्हे. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचे 'पंचधारा' याच कुळातले. निजाम राज्यातल्या मराठी परिषदेची सुरुवात 1937 सालची, आणि आज जो हिंगोली जिल्हा आहे तो तेव्हा याच राज्यात होता.

पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन 2009 च्या फेब्रुवारीत सॅन होजे येथे झाले. अध्यक्ष होते 'अस्मितादर्श'चे संपादक गंगाधर पानतावणे. मराठवाड्यातून चळवळीचे नियतकालिक चालवणाऱ्या संपादकाला तो मान मिळाला, हे योग्यच झाले.

मात्र वाङ्मयीन हिशेब मांडला तर या लेखनाची स्थिती कच्ची आहे. स्मरणिकेचा हेतू सर्वांना सामावून घेण्याचा असतो. निवड त्यात कठोर नसते आणि नसावीही. गणपती, दिवाळी, आईची आठवण, पहिला बर्फ हे विषय पुन्हा पुन्हा येतात. मध्येच एखादी कविता अशी निघते की तिने परक्या शहरातला एकटेपणा किंवा दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाशी झालेला अबोला नेमका पकडलेला असतो. ती वेगळी काढून ठेवणारा संपादक लागतो. स्मरणिका अधिवेशनाला आलेल्यांच्या घरी जातात आणि तिथेच राहतात.

घरचे संग्रह

आता महाराष्ट्रातल्या संग्रहांकडे पाहू. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे 'नवनीत' 1854 चे. मराठी कवितेच्या वेच्यांची आपली परंपरा तिथून सुरू होते आणि ती पहिल्यापासून शाळेशी जोडलेली आहे. आजही जवळा बाजारच्या विद्यार्थ्याच्या हाती येणारा पहिला काव्यसंग्रह म्हणजे बालभारतीचे पुस्तक. खपाच्या बाबतीत त्याच्याशी कोणताच संग्रह बरोबरी करू शकत नाही. त्यात ग्रामीण कवी आले, दलित कवी आले, स्त्रिया आल्या. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्यांची आज चाललेली कविता मात्र त्यात क्वचितच दिसते.

देश न सोडताही गाव सुटते, हेही विसरून चालणार नाही. कळमनुरी तालुक्यातल्या रूपूरचे फ. मुं. शिंदे प्राध्यापकी करत छत्रपती संभाजीनगरला राहिले आणि पुढे सासवडच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव परभणीला स्थायिक झाले. त्यांच्या एका संग्रहाचे नावच 'दूर राहिला गाव' आहे. रिधोरा ते परभणी हे अंतर नकाशावर थोडे आहे. कुणब्याच्या घरातून प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंतचे अंतर मोठे आहे, आणि भालेरावांची कविता त्याच अंतराची आहे. स्थलांतराची कविता वेचताना विमानाने गेलेले आणि एसटीने गेलेले यांना वेगळ्या रांगांत बसवण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठे स्थलांतर तर बायकांचे. लग्नानंतर गाव सोडणे हे त्यांच्या वाट्याला ठरलेलेच, आणि त्याची कविता जात्यावर झाली. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. लोकसाहित्याच्या नावाखाली गाणारीचे नाव पुसून टाकायची आपली रीत या कामाने मोडली.

निष्कर्ष

चांगला संग्रह कशाने होतो? या सगळ्या कामांतून चार गोष्टी पुढे येतात. कवीचे नाव आणि गाव पक्के नोंदलेले असावे. रचना मोजलेल्या असाव्यात आणि पाठ तपासलेला असावा. मूळ भाषेतला मजकूर सोबत असावा. आणि निवडीमागचा विचार संपादकाने उघड मांडावा. आदिग्रंथात गाव नसले तरी नाव आणि दुसरी गोष्ट काटेकोर आहे. चित्र्यांकडे चौथी भक्कम आहे. ओव्यांच्या प्रकल्पात पहिल्या तीन आहेत. इंग्रजी संग्रह तिसरीत हरतात. मंडळांच्या स्मरणिकांत मूळ मराठी असते, पण निवड नसते. चारही गोष्टी असलेला, महाराष्ट्राबाहेरच्या आणि देशाबाहेरच्या आजच्या मराठी कवींचा संग्रह अजून व्हायचा आहे.

तो करणे अवघड नाही. साहित्य संस्था आणि परदेशातली मंडळे यांनी मिळून जुन्या स्मरणिका व अंक एका ठिकाणी आणावेत. त्यातून दोन-तीन जाणत्या संपादकांनी शंभरेक कविता निवडाव्यात. डावीकडे मूळ मराठी, उजवीकडे इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद, खाली कवीचे जन्मगाव आणि कविता लिहिली ते ठिकाण द्यावे. भाषा बदललेल्या कवींनाही त्यात जागा असावी. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याने मान्य झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे आहे, अ वर्गापासून ड वर्गापर्यंत. त्यांतल्या ड वर्गाच्या वाचनालयातही ते पुस्तक पोचले पाहिजे.

वाचकांनाही एक सांगणे आहे. तुमच्या घरातून, गल्लीतून बाहेर गेलेले कुणी लिहीत असेल, तर त्यांच्याकडून कविता मागवून घ्या. कवीचे नाव, गाव, साल आणि ठिकाण त्याखाली लिहा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. संग्रह करायला संपादक बसेल तेव्हा त्याला वेचायला काही तरी हाती लागले पाहिजे.